चिरेखाणीची धूळ आणि दोन इनटेक व्हॉल्व्ह

गाडी २५० सीसीची, चार स्ट्रोकची जपानी मोटोक्रॉस बाइक. कार्ब्युरेटरवाली, फक्त किकवर लागणारी, रेडिएटर असलेली. डोक्यावर दोन कॅम (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे दांडे), चार व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारे दोन इनटेक, धूर बाहेर सोडणारे दोन एक्झॉस्ट) आणि चारही टायटॅनियमचे. नंबरप्लेट नाही, दिवे नाहीत, त्यामुळे रस्त्यावर आणायचा प्रश्नच नाही. पिकअपमध्ये आडवी बांधून आली. मालक देवगडकडचा, बाविशी-तेविशीतला, घरची हापूसची बाग. गाडी घाटावरून सेकंडहँड घेतलेली. सराव गावामागच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, चिरे काढून बंद पडलेल्या एका खाणीत. इंजिनाचं काम आमच्या कुडाळच्या गॅरेजात झालं, हेडचं, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात त्या सिलिंडरवरच्या भागाचं, मशीनिंग कोल्हापूरला उद्यमनगरात.

तक्रार त्याच्याच शब्दांत: "मेस्त्रीनू, किक मारून मारून पाय मोडलो, पण गाडी लागणा नाय. ढकलल्यार मात्र एका दमात लागता."

हे एवढं ऐकल्यावर प्लग आणि कार्ब्युरेटर यांच्याकडे बघायची माझी इच्छा निम्म्याने कमी झाली. किकने इंजिन सावकाश फिरतं. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर दाब तयार होईपर्यंत निम्मी हवा परत पळून जाते. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की इंजिन जोरात फिरतं, हवेला पळायला तेवढा वेळ मिळत नाही आणि ठिणगी पडताक्षणी गाडी पेटते. आधी दोघांनी कार्ब्युरेटर उघडून साफ केला होता, पायलट जेट बदलला होता, प्लग तर तीन झाले होते. सगळं चांगल्या मनाने केलेलं, पण आजार तिथे नव्हता.

दुसरं त्याने जे सांगितलं ते तक्रार म्हणून नव्हे, कौतुकाने: "इंजिनाचो आवाज बघा, कसलीच खटखट नाय."

खरंच नव्हती. आणि तेच वाईट होतं. आपल्याकडच्या मेस्त्रींचा कान शंभर-दीडशे सीसीच्या गाड्यांवर तयार झालेला असतो. तिथे रॉकर आणि स्क्रू झिजतात, टॅपेट ढिला पडतो, वरून टकटक ऐकू येते, आपण पाना घालून ती बंद करतो. त्यामुळे आवाज म्हणजे बिघाड आणि शांतता म्हणजे तब्येत ठणठणीत, असं डोक्यात पक्कं बसलेलं. या इंजिनात कॅम थेट बकेटवर, म्हणजे उलट्या वाटीसारख्या टोपीवर दाबतो, बकेटच्या पोटात शिम (मोजक्या जाडीची छोटी चकती) असतो आणि शिमखाली व्हॉल्व्हची दांडी. इथे झिजायला मधलं फारसं काही नाही. झिजते ती व्हॉल्व्हची कड आणि ती जिथे टेकते ती हेडमधली गोल सीट. कड झिजली की व्हॉल्व्ह सीटमध्ये आत बसतो, दांडी वर सरकते आणि कॅम व बकेटमधली फट कमी होते. म्हणजे व्हॉल्व्ह जसजसा खराब होतो तसतसं इंजिन गप्प होत जातं. पार गप्प झालं की समजायचं, कॅम आता व्हॉल्व्हला पूर्ण बंदच होऊ देत नाहीये.

उघडण्याआधी

कॉम्प्रेशन गेज लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. या गाड्यांत त्याचा उपयोग थोडा. किक हलकी जावी म्हणून कॅमवर एक छोटी यंत्रणा असते. सावकाश फिरताना ती एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते. साहजिकच गेजवर आकडा कमीच येतो, इंजिन नवं असो की जुनं. खरी परीक्षा लीकडाऊनची. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या अगदी माथ्यावर आणून धरायचा, क्रँक पान्याने घट्ट पकडून ठेवायचा (नाहीतर हवेच्या दाबाने पिस्टन खाली पळतो आणि पाना हातावर येतो), प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि किती गळते ते दुसऱ्या काट्यावर बघायचं. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ती कुठून गळते. सायलेन्सरला कान लावला की एक्झॉस्ट कळतो, कार्ब्युरेटरच्या तोंडाशी लावला की इनटेक, क्रँककेसच्या नळीशी पिस्टनच्या रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

इथे गळती होती ३८ टक्के. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी फुस्स आवाज एवढा की कान लावायची गरजच पडली नाही. क्रँककेसमधून थोडी हवा येत होती, ती या वयाच्या रिंगांना शोभेल इतकीच. सायलेन्सर गप्प, रेडिएटर शांत.

मग गाडी धुतली. आधी धुवायला हवी होती असं कुणी म्हणेल, पण एअरबॉक्समध्ये काय साचलंय ते मला पाणी लागण्याआधी बघायचं होतं. ते पुढे येतंच. टाकी, सीट, कव्हर काढलं, फ्लायव्हीलची खूण खिडकीत आणली, दोन्ही कॅम स्प्रॉकेटच्या खुणा हेडच्या कडेला समांतर आल्या आणि फट मोजायच्या पातळ पात्यांचा फीलर गेज घातला.

मॅन्युअलप्रमाणे इनटेक ०.१० ते ०.१५ मिमी आणि एक्झॉस्ट ०.१७ ते ०.२२ मिमी. निघाले असे: डावा एक्झॉस्ट ०.१८, उजवा एक्झॉस्ट ०.१९. उजवा इनटेक ०.०५. डाव्या इनटेकमध्ये ०.०४ ची सगळ्यात बारीक पातीसुद्धा शिरली नाही. शून्य.

मार्करने लिहिलेला इतिहास

सीट काढली तेव्हा एअरबॉक्सच्या काळ्या प्लॅस्टिकवर चंदेरी मार्करने काहीतरी लिहिलेलं दिसलं होतं. आधीच्या मालकाचा मेस्त्री शहाणा असावा. टॉप एंड, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं काम केल्यावर: डावा १८०, उजवा १८०. त्याखाली ३८ तासांवर: डावा १७०, उजवा १७५. त्याखाली वेगळ्या अक्षरात ५१ तासांवर: डावा १६०, उजवा १७०. गाडीवरच्या तासमीटरवर आता ५७ होते.

हे इनटेकच्या शिमचे आकडे. १८० म्हणजे १.८० मिमी जाडीचा शिम. फट कमी झाली की पातळ शिम घालून ती परत जागेवर आणायची, ही त्याची रीत. हिशोब तोंडी होतो: जुन्या शिमची जाडी, त्यात मोजलेली फट मिळवा, हवी असलेली फट वजा करा.

आता डाव्या इनटेकची कथा वाचा. पहिल्या ३८ तासांत तो ०.१० मिमी आत गेला. पुढचे ०.१० मिमी जायला १३ तास पुरले. आणि शेवटच्या ६ तासांत निदान ०.१२ मिमी, कारण शिम बदलताना ०.१२ च्या आसपास ठेवलेली फट शून्यावर आली, आणि शून्याखाली किती गेली ते फीलर गेज सांगू शकत नाही. उजवा त्याच वाटेवर, जरा मागे.

झिजण्याचा वेग असा वाढत का गेला, याचं उत्तर टायटॅनियममध्ये आहे. या धातूचं वजन स्टीलच्या वजनाच्या साठ टक्क्यांहूनही कमी, म्हणून बारा-तेरा हजार आरपीएमला व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहत नाही. पण घासायला तो नाजूक. म्हणून कारखान्यात त्यावर अगदी पातळ, कडक थर चढवतात. तो थर शाबूत असेपर्यंत व्हॉल्व्ह जवळजवळ हलत नाही. थराला धुळीने एकदा भोक पाडलं की आतला मऊ धातू उघडा पडतो आणि मग प्रत्येक आपटीला कडेत खोबण पडत जाते. पहिल्यांदा शिम बदलावा लागला ती सूचना असते. दुसऱ्यांदा लागला म्हणजे व्हॉल्व्ह संपला. तिसऱ्यांदा शिम बदलून देणारा माणूस गिऱ्हाईकाचे पैसे वाचवत नसतो. कधीतरी व्हॉल्व्हची टोपी तुटून पिस्टनवर पडायची सोय करत असतो.

पोराने विचारलंच, "मगे शिमच बदला ना, स्वस्तात होयत!" १.४८ च्या जवळचा शिम माझ्या डब्यात होता. दहा मिनिटांत गाडी किकवर लागली असती. मी म्हटलं, "लागात. आणि आठ दिवसांनी परत येतलंस." एअरबॉक्सवरची ती तीन ओळींची वजाबाकी त्याच्यापुढे केली तेव्हा तो गप्प झाला. रात्री वडिलांचा फोन आला. आंब्याचा हिशोब नुकताच झालेला, खर्चाला हो म्हणाले.

धूळ कुठून आली

हेड उतरवण्याआधी हे शोधलं, कारण नवे व्हॉल्व्ह टाकून जुनंच भोक ठेवायचं तर काम न केलेलं बरं. कार्ब्युरेटर आणि एअरबॉक्स जोडणाऱ्या रबरी बूटमध्ये बोट फिरवलं. बोट लाल. हळदीकुंकवाला हात लागावा तसं नुसतं टेकवलं तरी लाल. बूटच्या डाव्या बाजूला त्या लालीचा एक स्पष्ट पट्टा होता, कार्ब्युरेटरपर्यंत गेलेला. डावा इनटेक उजव्याच्या पुढे का गेला ते तिथेच कळलं.

फोमचा फिल्टर बाहेर काढून आत मोबाइलची बॅटरी धरली. डाव्या कोपऱ्यात जिथे फोमचे दोन तुकडे चिकटवलेले असतात तिथे नखाएवढी उजेडाची रेघ दिसली. शिवण सुटलेली. "पेट्रोलानच धुतंय, सगळेच धुतत," असं त्याचं म्हणणं. सगळेच धुतात हे खरं आहे. पेट्रोलने फोमचा गोंद सुटतो हेही खरं आहे. वर तेल घातलेलं होतं ते इंजिन ऑइल. ते फोममध्ये थांबत नाही, उभ्या गाडीत रात्रभर खाली ओघळतं आणि सकाळी वरचा फोम कोरडा. फिल्टरचं खास तेल चिकट असतं ते याचसाठी. फिल्टरच्या कडेला ग्रीसचा पट्टाही नव्हता.

आता ही धूळ कोणती तेही बघायला हवं. जांभा म्हणजे लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. पावसाने आपल्या खडकातलं बाकी सगळं धुवून नेल्यावर उरलेली. चिरेखाणीत मशीनच्या पात्याने त्याचं जे पीठ होतं ते वर्षानुवर्षं खाणीच्या तळाशी पडून असतं. पावसाळ्यात त्याचा चिखल, मार्च ते मे त्याचा धुरळा. मोटोक्रॉसला उड्या मारायला आयत्या पायऱ्या मिळतात म्हणून पोरं तिथे जातात, पण इंजिनाच्या दृष्टीने इतकी वाईट जागा दुसरी नाही. किनाऱ्यावरची वाळू त्या मानाने जाड, फोममध्ये अडकते. तिचं दुखणं वेगळं: मीठ रेडिएटर, चेन आणि बोल्ट खातं. शिवाय हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत आपल्या बऱ्याच किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूत पुरलेली असतात, तिथे गाडी घालणाऱ्याची गाडी मी हातात घेत नाही. हे त्यालाही सांगितलं.

हेड

कॅम चेनचा टेन्शनर काढताना आधी मधला स्प्रिंगचा बोल्ट, मग बाजूचे दोन. उलट केलं तर परत बसवताना चेनवर भलताच ताण येतो. चेन तारेने फ्रेमला बांधली, चेनच्या बोगद्यात चिंधी कोंबली. चिंधीचं महत्त्व ज्याने बकेटला चिकटून वर आलेला शिम निसटताना पाहिलाय त्याला विचारा. खाली गेला की क्रँककेसच्या तळाशी. बकेट, शिम, स्प्रिंग, लॉक हे सगळं अंड्यांच्या ट्रेमध्ये, ज्या जागेचं त्या जागेला.

डावा इनटेक व्हॉल्व्ह हातात घेतला तर गेज नसतं तरी चाललं असतं. कडेवर गोल फिरत गेलेली खोबण, नख अडकेल एवढी. सोनेरी-करड्या थराचा मागमूस कडेवर उरला नव्हता, दांडीवर मात्र होता. सीटचा पट्टा जिथे एक मिलिमीटरच्या आसपास हवा तिथे दीडच्या वर पसरलेला आणि एका बाजूला जास्त. इनटेकच्या दोन्ही गाइडमध्ये, म्हणजे दांडी ज्या नळीत सरकते तिच्यात, दांडी डुलत होती. एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह आणि गाइड मोजमापात बसले, कडा स्वच्छ. ते ठेवले, फक्त सील नवे.

कोल्हापूरच्या पहिल्या वर्कशॉपात सांगितलं गेलं, "पेस्ट लावून घासून देतो, नवे कशाला घेता?" स्टीलच्या व्हॉल्व्हला हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि चालतंही. टायटॅनियमला पेस्ट लावली म्हणजे उरलासुरला थर आपणच आपल्या हाताने खरवडला. हेड तिथून उचलून दुसरीकडे नेलं.

नवे कोणते घालायचे यावर पोराशी वाद झाला. त्याला कंपनीचे टायटॅनियमच हवे होते, "ओरिजिनल ता ओरिजिनल". माझं मत स्टीलचं होतं आणि अजून आहे. हा पोरगा वर्षातून एखादी डर्ट रेस करणार, बाकी खाणीत आणि सड्यावर मजा. शेवटचे हजार आरपीएम तो किती वेळा वापरतो? स्टीलचा व्हॉल्व्ह जड, म्हणून त्याच्यासोबत कडक स्प्रिंगांचा संच घ्यावाच लागतो. नुसता व्हॉल्व्ह बदलून जुनी स्प्रिंग ठेवली तर वरच्या आरपीएमला तो तरंगतो आणि पिस्टनला भेटतो. कडक स्प्रिंगमुळे कॅमवर थोडा जास्त भार येतो, तोटा तेवढाच. फायदा हा की थोडी धूळ गेली तरी व्हॉल्व्ह एका हंगामात मरत नाही. दोन्ही पर्यायांच्या किमतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. शेवटी वडिलांनी विचारलं, "मेस्त्री, गाडी तुमची असती तर?" मी म्हटलं स्टील. तिथे वाद मिटला.

सुटे भाग यायला महिना गेला. तोवर मृग लागला. पावसाळ्यात कोकणात उघडं ठेवलेलं लोखंड दोन दिवसांत तांबूस होतं, त्यामुळे कॅम, शिम आणि बेअरिंगच्या जागा तेलात भिजवलेल्या कापडात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवल्या. सिलिंडरच्या तोंडावरही तेच. सिलिंडरच्या आतल्या लेपावर ओरखडे नव्हते; पिस्टन आणि रिंगा मात्र एवढं उघडलंय तर बदलून टाकल्या.

दुसऱ्या वर्कशॉपने इनटेकचे गाइड बदलले आणि मग सीट कापली. क्रम हाच हवा, कारण सीटचा कटर गाइडमध्ये बसवलेल्या दांडीभोवती फिरतो. गाइड नंतर बदलला तर सीट वाकडी. कोन तीन: बसायचा ४५ अंशांचा, त्याच्या वर ३० आणि खाली ६०. वरचा-खालचा कोन कमी-जास्त कापून मधला पट्टा एक मिलिमीटरवर आणि कडेच्या मध्यावर आणला. निळा रंग लावून व्हॉल्व्ह टेकवला तेव्हा खूण अखंड गोल उठली. हेड परत आल्यावर मी उलटं ठेवून पोर्टमध्ये पेट्रोल ओतलं. चहा होईपर्यंत एक थेंबही पाझरला नाही.

जोडणी आणि नंतरचे आकडे

जोडणीत नवल नाही. दांड्यांना मॉलिब्डेनमचं तेल, लॉक बसल्यावर दांडीच्या टोकाला प्लॅस्टिकच्या हातोड्याची हलकी टिचकी, नवं गॅस्केट, बोल्ट टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचनेच. टाइमिंग लावल्यावर किकला हात न लावता क्रँक पान्याने सावकाश सात-आठ वेळा फिरवला. कुठे अडकला असता तर हाताला कळलं असतं. किकने कळलं असतं ते व्हॉल्व्ह वाकल्यावर.

इनटेकला फट मुद्दाम वरच्या टोकाला ठेवली, दोन्हीकडे ०.१५. नवी सीट आणि नवा व्हॉल्व्ह एकमेकांत मुरताना फट थोडी कमी होतेच, तेवढी जागा द्यायची. डावीकडे शिम आला १.७५ चा, उजवीकडे १.७७५.

तिसऱ्या किकला लागली. दोनदा गरम करून पूर्ण थंड होऊ दिली. लीकडाऊन आता ६ टक्के, तेही क्रँककेसमधून, नव्या रिंगा बसायच्या होत्या म्हणून. इंजिनातून हलकी टिकटिक येत होती. पोराने काळजीने माझ्याकडे बघितलं. म्हटलं, "हो आवाज होयोच."

खाण पाण्याने भरलेली, त्यामुळे पहिले तास सड्यावरच्या गवतात गेले. गणपतीनंतर परत आणली तेव्हा इनटेक दोन्हीकडे ०.१३. दिवाळीपर्यंत अकरा तास झाले होते आणि खाणीत धुरळा उठायला लागला होता, तरी ०.१३. फिल्टर आता तीन आहेत, चिकट तेल लावून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेले, खाणीतून आला की बदलायचा. धुणं रॉकेलने, मग साबणाच्या पाण्याने. पेट्रोल नाही.

डावा एक्झॉस्ट मात्र ०.१८ वरून ०.१७ वर आलाय, म्हणजे हद्दीच्या काठावर. तो टायटॅनियमचाच आहे आणि त्या पट्ट्यातली धूळ त्याच्याही वाट्याला आलेली. शिम बदलला नाही. एअरबॉक्सवर तासांसकट आकडा लिहिला आणि पाच तासांनी परत आणायला सांगितलंय. तेव्हा ०.१६ निघाला तर एक्झॉस्टची जोडीही स्टीलची मागवायची, एवढं त्याच्या वडिलांना आत्ताच सांगून ठेवलंय.